पाच किलो शेंगांचं बिल

शनिवार, दोन ऑगस्ट. रक्कम रुपये आठशे फक्त. केबिनमध्ये हजर तिघं: मुख्याध्यापक डाबरे सर, या जूनपासून आलेले तन्मय सर आणि मी. टेबलावर बोळिंज नाक्यावरच्या चणेवाल्याचं बिल. पाच किलो भाजलेल्या शेंगा, दर एकशे साठ.

शाळेच्या किरकोळ खर्चाची पेटी माझ्याकडे असते. किरकोळ खर्च म्हणजे खडू, सुतळी, नळाचा वॉशर, पाहुण्यांचा चहा. माझा हिशेब चुकत नाही म्हणून पेटी एकदा माझ्याकडे आली आणि नंतर कुणी परत मागितली नाही.

"हे कुठल्या खात्यात टाकू?" मी विचारलं.

"शैक्षणिक साहित्य," तन्मय सर म्हणाले.

"शैक्षणिक साहित्य खाऊन संपत नाही."

"विज्ञानाची लिंबं संपतात की दर वर्षी," डाबरे सर म्हणाले.

"ती कुणी खात नाही, सर."

"मुलं काय काय खातात ते तुम्हाला माहीत नाही, राऊत बाई."

तन्मय सर हसले. मी हसले नाही. बिलावर पेन्सिलीने 'प्रलंबित' लिहिलं आणि ते पेटीच्या झाकणात खोचून ठेवलं.

शेंगा आल्या त्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. एक ऑगस्ट, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत या दिवशी एकच गोष्ट सांगतात. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली असतात. मास्तर सगळ्यांना ती उचलायला लावतात. लहानगा टिळक उभा राहून म्हणतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. हे भाषण चौथीत मीही केलं आहे. हात मागे बांधून, मध्ये कुठेही न अडखळता. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली होती.

तन्मय सरांनी भाषणं ठेवली नाहीत. त्यांनी सातवी आणि आठवी एकत्र हॉलमध्ये बसवली. आठवीचा तो पीरियड माझा होता, म्हणून मला पाचवीवर पाठवलं. निम्म्या मुलांना शेंगा वाटल्या, निम्म्यांना नुसतं बघायला लावलं. खाऊन झाल्यावर स्वतः मास्तर झाले, फूटपट्टी टेबलावर आपटली आणि म्हणाले, "सगळ्यांनी उचला." ज्यांना शेंगा मिळाल्या नव्हत्या ती चाळीसेक मुलं एका आवाजात ते वाक्य ओरडली. मी शेजारच्या खोलीत पाचवीला भागाकार शिकवत होते. भिंतीला टांगलेला नकाशा हलला असं मला वाटलं. पाचवीची मुलं भागाकार सोडून भिंतीकडे बघत बसली. मग घंटा झाली आणि सगळे पळाले.

संध्याकाळी निघताना हॉलमध्ये सुनंदा मावशी झाडू घेऊन उभ्या दिसल्या. आमच्या शाळेत साफसफाईचं काम त्या बघतात.

"बघा बाई, काय करून ठेवलंय," त्या म्हणाल्या.

"बघितलं," मी म्हटलं. मला बरं वाटलं. माझ्या बाजूने निदान एक माणूस होतं. मी स्कूटर काढली आणि निर्मळला घरी गेले.

आता हा विषय एवढा का चिघळला ते सांगायला हवं. आमची शाळा जुनी, मराठी माध्यमाची. बोळिंजला कॉम्प्लेक्स झाली नव्हती तेव्हापासूनची. कॉम्प्लेक्स झाली, माणसं वाढली आणि आमची मुलं कमी झाली, कारण नव्या लोकांनी मुलं इंग्रजीत घातली. पूर्वी प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या, म्हणजे दोन वर्ग. आता एकेक आहे. माझ्याबरोबरचे इतिहासाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. तिथे तन्मय सरांना तासिका तत्त्वावर घेतलं. तासिका म्हणजे पीरियड. जेवढे पीरियड घ्याल तेवढ्याचे पैसे. मे महिन्याचं काही मिळत नाही. त्यांच्याकडे सहावी आणि सातवीचा इतिहास होता. तेवढ्यावर भागत नव्हतं. बोळिंजमध्ये दोन मित्रांबरोबर ते भाड्याने राहतात. आठवीही मिळाली तर त्यांचं बरं होणार होतं.

आठवी माझी होती. सव्वीस वर्षं. आठवीच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण म्हणजे इतिहासाची साधनं. कुठलीही गोष्ट खरी मानायची तर ती कुणी पाहिली, कुणी लिहिली, किती काळाने लिहिली, हे विचारायला शिकवणारं प्रकरण. साधनं तीन प्रकारची. लिखित, म्हणजे कागदपत्रं. भौतिक, म्हणजे वस्तू आणि इमारती. मौखिक, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकलेलं. हे प्रकरण शिकवायला मिळतं म्हणून मी आठवी सोडली नाही. पगार पाचवीला शिकवा की आठवीला, तेवढाच मिळतो.

जूनमध्ये तन्मय सर आले आणि जुलैत मुलं त्यांची झाली. मला सव्वीस वर्षांत कुणी 'वैशाली बाई' म्हटलेलं नाही. मी राऊत बाई. ते पहिल्या आठवड्यापासून तन्मय सर. त्यांचं आडनाव सावंत आहे हे निम्म्या शाळेला अजून माहीत नाही. गुरुपौर्णिमेला आठवीने मला वर्गातर्फे एक गुलाब दिला. त्यांना एकेकाने वेगळा दिला. अजून ते आठवीला शिकवतही नव्हते. त्यांच्या टेबलावर सतरा गुलाब होते. मोजायचे म्हणून मोजले नाहीत, पण स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या समोरच आहे.

माझा आक्षेप हेव्यातूनच आला असं कुणी म्हणेल. काही अंशी ते खरं आहे. पण आक्षेप होता आणि तो आजही आहे. शाळेचं वर्ष म्हणजे पुण्यतिथ्या आणि जयंत्यांची रांग. ज्यांनी देश उभा केला त्या प्रत्येकाला शाळेत वर्षातून एक दिवस मिळतो आणि एक वस्तू मिळते. नेहरूंना गुलाब. शास्त्रीजींना नदी, पोहून पार केलेली. बाबासाहेबांना दिवा. टिळकांना शेंगा. मूल दहावी पास होतं तेव्हा त्याच्या डोक्यात माणसं नसतात, वस्तूंचं दुकान असतं. त्या माणसांनी मोठेपणी केलं काय, लिहिलं काय, भांडले कुणाशी, हे पाठ्यपुस्तकात असतं आणि पुस्तकातच राहतं. आता तर दुकानात खरा माल आला होता. पाच किलो.

सोमवारी आठवीवर गेले. शेंगांचं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं.

"शुक्रवारी काय शिकलात?"

पहिल्या बाकावरचा यश उठला. त्याने सगळी गोष्ट सांगितली. बाहेर धो धो पाऊस होता, मास्तरांच्या धोतराला शाईचा डाग होता, आणि मास्तरांचं नाव गोडबोले.

"गोडबोले हे नाव कुठून आलं?"

"तन्मय सरांनी सांगितलं."

"पुस्तकात आहे?"

"नाही, बाई. पण खरं आहे. सर खोटं कशाला सांगतील?"

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये त्यांना गाठलं. ते डब्यातली घावनं खात होते.

"गोडबोले मास्तर कुठल्या साधनात सापडले तुम्हाला?"

"ते होय," ते म्हणाले. "माझ्या शाळेत पीटीला गोडबोले सर होते. फार मारायचे. तोंडात तेच नाव आलं."

"आणि शाईचा डाग?"

"धोतर म्हटल्यावर काहीतरी डाग पाहिजे ना, बाई. नाहीतर मुलांना दिसत नाही."

"मुलांना जे दिसलं ते घडलेलंच नाही."

"शेंगांची गोष्ट तरी घडलेली आहे का? तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. या गोष्टीचा मूळ आधार मी पूर्वी शोधला होता. जिथे शोधला तिथे गोष्ट होती, पण ती सांगणाऱ्याला कुणी सांगितली हे नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. "घावन गार होतंय," म्हटलं आणि तशीच डाबरे सरांकडे गेले.

डाबरे सर वसईचे. आवाज कधी चढवत नाहीत. ऐकताना पेनच्या टोपणाची उघडझाप करतात. मी गोडबोल्यांचं सांगितलं, डागाचं सांगितलं. एवढंच पुरे होतं, पण गुलाबांचंही निघालं. ते कसं निघालं मला कळलं नाही.

"किती होते म्हणालात?"

"सतरा."

टोपण बंद झालं. "राऊत बाई, मी तुमच्याशी बोलणारच होतो. आठवीचे पालक आले होते. म्हणतात, इतिहास तन्मय सरांना द्या."

"पालकांना इतिहास काय कळतो?"

"मुलं घरी येऊन बोलतात, एवढं कळतं त्यांना. मी असं करतो. एक पीरियड तुम्ही घ्या, एक ते घेतील. वर्ग तोच, गोष्ट तीच, शेंगांची. मी मागे बसतो. पाठ निरीक्षण या टर्मचं राहिलंच आहे."

पाठ निरीक्षण म्हणजे मुख्याध्यापक वर्गात शेवटच्या बाकावर बसतात आणि शिक्षक कसा शिकवतो ते लिहून घेतात. एरवी तो उपचार असतो.

"आणि मग?"

"मग आठवी कुणाकडे ते ठरवू."

"माझी आठवी परीक्षेला लावताय, सर."

"तुम्हाला परीक्षेची भीती कधीपासून वाटायला लागली?"

घरी सांगितलं. आमची केळीची आणि फुलांची वाडी आहे, मिस्टर ती बघतात. वाडीला पाणी सोडायची त्यांची वेळ झाली होती. पायात चप्पल सरकवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला राग शेंगांचा आलाय का त्या सरांचा?" त्यांनी विचारलं.

"चुकीचं शिकवण्याचा."

"मग ठीक हाय. चुकीचं शिकवीत असंल तर तूच पास हुशील." दारातून वळून म्हणाले, "गुलाब पायजे तर आपल्याकडं हायत की. सतरा कशाला, पाटी भरून ने." आणि पाणी लावायला गेले.

बुधवारी माझा पीरियड. रात्री बसून तक्ता केला होता. तीन रकाने: प्रसंग, आधार, तो किती पक्का. वर शेंगा, खाली नदी, दिवा, गुलाब. मी वर्गाला सांगितलं, आज आपण या गोष्टी खऱ्या की खोट्या हे ठरवणार नाही. आपण फक्त विचारणार आहोत की हे आपल्याला कसं माहीत. स्वतः लिहून ठेवलेलं वेगळं, मित्राने नंतर सांगितलेलं वेगळं, आणि कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं वेगळं. गोष्ट खोटी असली तरी ती लोकांना का सांगावीशी वाटली हाही इतिहासच असतो, हेही सांगितलं. फळ्यावरचं अक्षर सरळ होतं. चाळीस मिनिटांचा पाठ एकोणचाळिसाव्या मिनिटाला संपला. मी विचारलं ते सगळं मुलांनी बरोबर सांगितलं. एकाही मुलाने आवाज केला नाही.

"काही शंका?"

शेवटून दुसऱ्या बाकावर हात वर झाला. मी आशेने बघितलं.

"बाई, हा तक्ता परीक्षेला येणार का?"

डाबरे सर लिहीत होते. ते लिहायचे थांबले नाहीत, हे मला जास्त लागलं.

गुरुवारी तन्मय सरांचा. मीही बसावं असं डाबरे सरांनी सुचवलं, म्हणून मी त्यांच्या शेजारी शेवटच्या बाकावर. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. अर्नाळ्याच्या मुलांच्या घरी होड्या बाहेर काढायची गडबड, त्यामुळे वर्ग थोडा रिकामा. अर्नाळ्याची रिद्धी तांडेल मात्र आली होती.

तन्मय सर हातात काहीही न घेता आले. तक्ता नाही, शेंगा तर नाहीतच. पहिल्या शेंगांचे पैसे अजून माझ्या पेटीत अडकले होते.

"आधी एक सांगायचंय," ते म्हणाले. "मास्तरांचं नाव गोडबोले हे मी माझ्या मनाने ठेवलं होतं. पाऊस पण माझा, शाईचा डाग पण माझा. राऊत बाईंनी मला पकडलं."

वर्ग हसला. सगळे मागे वळून माझ्याकडे बघायला लागले, आणि त्या बघण्यात सव्वीस वर्षांत मी कधी न पाहिलेलं कौतुक होतं. तेही त्यांच्यामुळे मिळालेलं. मी वहीत बघितलं.

"आता नाव काढून टाका. पाऊस काढून टाका. उरलं काय?"

"शेंगा," दोघं-तिघं म्हणाले.

"टरफलं."

"आणि ते वाक्य," यश म्हणाला.

सरांनी पुन्हा गोष्ट सांगितली. या वेळी मीठमसाला न लावता, चार वाक्यांत. तरी वर्ग ऐकत होता. ते कसं करतात हे मी नीट बघत होते. वाक्य संपलं की ते थांबतात. मी थांबत नाही, कारण मला पोर्शन संपवायचा असतो.

रिद्धीने हात वर केला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सर, मग टरफलं उचलली कोनी?"

"म्हणजे?"

"लोकमान्यांनी नाय उचलली ना. मग कोनी उचलली? तिथंच राहिली काय?"

हशा झाला. सर हसले नाहीत.

"मास्तरांनी उचलली असतील," कुणीतरी म्हणालं.

"मास्तर कधी उचलतात काय?"

"ज्यांनी खाल्ल्या त्यांनी."

"आपन खाल्ल्या शुक्रवारी," रिद्धी म्हणाली. "आपन उचलली काय?"

 मग सगळे एकदम बोलायला लागले. शिपायाने उचलली असतील. तेव्हा शाळेत शिपाई होते का? असले तर त्याचं नाव काय? झाडणारी बाई असेल. तिने कुणाला सांगितलं असेल का? तन्मय सर फळ्याजवळ उभे होते. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

"राऊत बाई, याला काही साधन आहे का?"

वर्ग परत मागे वळला.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या वाचनात नाही."

"असणारच नाही, बाई," यश उठून म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं ना, साधन कुणी लिहिलं ते बघायचं. लिहिणारा टरफलांचं कशाला लिहील? आणि उचलणाऱ्याला लिहिता येत नसेल."

"मग मौखिक बघायचं," दुसरी मुलगी म्हणाली.

"ते लोक आता कुठून आणायचे?"

"तेव्हाचे नाय," रिद्धी म्हणाली. "पन शुक्रवारची हायत ना. मावशींना विचारू."

घंटा झाली. कुणी उठलं नाही.

आमच्या वाडीत केळीच्या बुंध्याशी मुनवे, म्हणजे नवे कोंब, फुटतात. त्यांतला एखादा कुंपणाखालून जाऊन शेजाऱ्याच्या वाडीत वर येतो. खत आपलं, पाणी आपलं, घड त्याच्या दारात. त्या बाकावर बसून मला नेमकं तसं वाटलं. लिखित, मौखिक, भौतिक हे मी जूनमध्ये लिहून दिलं होतं. चाचणीत बहुतेकांना त्याचे पैकीच्या पैकी गुण होते. सव्वीस वर्षं मी हे प्रकरण शिकवलं आणि एकाही मुलाने ते वहीच्या बाहेर काढलं नाही. काढलं ते दुसऱ्याच्या पीरियडला, ज्या गोष्टीला मी दुकानातला माल म्हणत होते त्या गोष्टीवर.

डाबरे सरांनी कागदाची घडी केली. टोपण लावलं आणि उठले.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ यश, रिद्धी आणि आणखी दोघं वह्या घेऊन सुनंदा मावशींना घेरून उभी होती. मावशींना वाटलं, तक्रार आली. मी नळाचा वॉशर बघायच्या निमित्ताने टाकीपाशी गेले.

"त्या शुक्रवारची टरफलं तुम्ही उचलली ना, मावशी?" यशने विचारलं.

"मग काय तुझी आय आलेली?"

"किती वेळ लागला?"

"पाचची बस गेली, नंतरची पन गेली. चालत गेली मी."

यशने लिहून घेतलं. "टरफलांचं काय केलंत?"

"पोत्यात भरून घरी नेली. चुलीला बरी असतात. फुकट कशाला घालवायची?"

"आणि शेंगा किती खाल्ल्या तुम्ही?" रिद्धीने विचारलं.

"कुठल्या शेंगा? मला कोनी दिल्या? पोतं झाडून बघितलं, एक शेंग नाय भेटली."

यशची पेन्सिल थांबली. त्याने रिद्धीकडे बघितलं. चौघांनाही ते वाक्य पाठ होतं, आठवड्यापूर्वी त्यांतली दोघं ते हॉलभर ओरडली होती. आता कुणी म्हटलं नाही.

"मग तुम्ही सरांना सांगितलं का नाही?" रिद्धी हळू आवाजात म्हणाली. "की मी खाल्ल्या नाय, मी उचलनार नाय."

मावशी हसल्या. "असं बोलून मला चालंल काय गो? चला, बाजूला व्हा, पानी सांडलंय."

मी वॉशर बघितला. तो ठीक होता.

डाबरे सरांनी सोमवारी बोलावलं. टेबलावर दोन्ही निरीक्षणांचे कागद होते.

"तुमच्या पीरियडमध्ये मला एकही चूक सापडली नाही. मी तसं लिहिलंय."

"मग आठवी माझी."

"आठवी मी तन्मय सरांना देतोय."

मी कारण विचारलं.

"शनिवारी तुमची मुलं इथे आली होती. हॉलमधल्या आपल्या संस्थापकांच्या फोटोबद्दल विचारत होती. म्हणाली, त्यांनी शाळा काढली तेव्हा शाळा झाडत कोण होतं? मी चौदा वर्षं या खुर्चीत आहे. मला माहीत नाही. तुम्हाला?"

"नाही."

"मला तसली मुलं हवी आहेत. ती तन्मय सरांच्या पीरियडनंतर आली."

"साधनं मी शिकवलीत, सर. मुलांनी जे शब्द वापरले ते माझे आहेत."

"असतील. म्हणूनच पहिलं प्रकरण दर वर्षी तुम्हीच घ्यायचं. जूनमध्ये."

"सहा पीरियड होतात त्याचे."

"सहा तर सहा. बाकी पाचवीचं गणित पूर्ण तुमच्याकडे. तुमचं गणित चांगलं आहे."

हे ते कौतुक म्हणून बोलले. मला ते त्या दिवशी कौतुक वाटलं नाही, आजही वाटत नाही.

स्टाफरूममध्ये तन्मय सर उभे राहिले. मला बघून उभे राहायची त्यांना सवय नाही.

"बाई, मी आठवी मागितली नव्हती."

"नको असेल तर तसं सरांना सांगा."

ते परत खुर्चीत बसले, सरांकडे गेले नाहीत. त्यांना हवी होती. एवढं तरी ते माझ्याशी खरं वागले.

"ते साधनांचं प्रकरण तुम्ही घ्याल तेव्हा मी मागे बसू का?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"मला त्या दिवशी पुढे काय बोलायचं ते सुचत नव्हतं. यशला सुचलं. तुम्ही शिकवलेलं होतं म्हणून सुचलं."

मी पेटी उघडली. "जून लांब आहे," म्हटलं. हो म्हटलं नाही. पण मनात त्यांच्यासाठी पुढच्या बाकाचा विचार आला, शेवटच्या नाही. मागून नीट ऐकू येत नाही.

सध्या मी पाचवीला अपूर्णांक शिकवते. मुलं चांगली आहेत. भिंतीपलीकडे आठवी असते आणि हसण्याचा आवाज येतो. कधी कधी हसणं थांबतं आणि कुणीतरी काहीतरी विचारत असतं. शब्द कळत नाहीत. तेव्हा मला जास्त त्रास होतो.

यातून शिकायचं ते एवढंच. पुरावा कसा तपासायचा हे मुलांना सांगून भागत नाही, आधी त्यांना तो तपासावासा वाटेल अशी गोष्ट हातात द्यावी लागते. हे मला सव्वीस वर्षांनी कळलं, आणि दुसऱ्याच्या पीरियडला कळलं. याचा राग अजून गेलेला नाही.

राहिला हिशेब. त्याच सोमवारी शाळा सुटायच्या आधी मी दोन व्हाउचरं केली. व्हाउचर म्हणजे पैसे कुणाला, कशासाठी दिले याची सही घेतलेली पावती. ती घेऊन डाबरे सरांकडे गेले. पहिल्यावर त्यांनी लगेच सही केली. दुसरं वाचून टोपणाची उघडझाप केली.

"हे कुठल्या खात्यात टाकणार?"

"शैक्षणिक साहित्य."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

मावशींनी पैसे दोनदा मोजले. "हे कशाचे, बाई?"

"त्या दिवशीच्या टरफलांचे. बस चुकली त्याचे."

"दर वर्षी करनार काय शेंगा?"

"तन्मय सरांना विचारा. इतिहास आता त्यांच्याकडे आहे."

ऑडिट झालं की व्हाउचरांचा गठ्ठा बांधून माळ्यावर जातो. आमचा माळा कोरडा आहे, कागद टिकतात. व्हाउचर क्रमांक एक: तन्मय सावंत यांस, भाजलेल्या शेंगा पाच किलो, रुपये आठशे फक्त. व्हाउचर क्रमांक दोन: सुनंदा मावशी यांस, त्याच शेंगांची टरफलं उचलल्याबद्दल, रुपये दीडशे फक्त.

मावशींचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. ते त्यांना विचारून मी त्यापुढे शाईने लिहिलं.